स्पीकरवर वाजलेला आठवा मेसेज

पालवे सरांनी स्पीकरची वायर बोर्डातून उपटली, तोवर वाक्य पूर्ण झालं होतं.

"सर, रेखा पोचली बरं का सुखरूप. अकोल्याच्या पुढं, धरणाच्या वाटेवरच्या आपल्या वसतिगृहात ठेवलीय. काळजी करू नका."

एका बाईचा आवाज. दमलेला, चांगल्या मनाचा. हॉलमध्ये एकोणचाळीस मुलं मांडी घालून बसली होती. एक कर्णा हॉलमध्ये होता आणि दुसरा व्हरांड्यात. व्हरांड्यात टेम्पोवाला ज्वारीची गोणी खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानेही ऐकलं.

त्याच्या आधी वाजलेला सातवा मेसेज रेखाच्या वडिलांचा होता. "सोने, ताई कुटं गेली गं? कुनाला तरी इचार. चार दिस झालं, तुज्या आयला घास जाईना." सोनी म्हणजे रेखाची धाकटी बहीण. आठ वर्षांची. दुसऱ्या रांगेत बसलेली. बापाने प्रश्न विचारला आणि स्पीकरने लगेच उत्तर दिलं.

ते उत्तर वाजेल अशी व्यवस्था मीच तीन दिवसांपूर्वी करून दिली होती.

मी पाथर्डीत कॉम्प्युटर दुरुस्ती आणि नेटवर्किंगचं काम करते. बावीस वर्षं झाली. बँका, पतसंस्था, शाळा, कृषी सेवा केंद्रं हे माझे ग्राहक. हे वसतिगृह तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या आवारात आहे. दिवाळीनंतर इथली निम्मी गावं ऊसतोडीला जातात आणि मुलांची शाळा बुडू नये म्हणून हंगामापुरती वसतिगृहं चालतात. आई-बाप सांगलीकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात, मुलं इथे.

या वसतिगृहाची एक पद्धत आहे. तोडणी कामगार टोळीने जातात. टोळीचा एक मुकादम असतो. बऱ्याच टोळ्यांमध्ये नेट चालणारा फोन मुकादमाकडेच असतो. संध्याकाळी फडातून आल्यावर आई-बाप त्या एका फोनपाशी जमतात आणि एकेक जण आपल्या मुलांसाठी व्हॉइस मेसेज बोलतो. लिहून कुणी पाठवत नाही. बोलून होतं तर लिहायचं कशाला, असा हिशोब. ते मेसेज वसतिगृहाच्या नंबरवर येतात. साडेपाच वाजता मुलं हॉलमध्ये बसतात, मेसेज मोठ्याने वाजवले जातात आणि मग प्रत्येक मूल माइकसमोर येऊन उत्तर बोलतं. पाच टोळ्या, म्हणजे पाच चॅट.

अधीक्षक पालवे सर हे सगळं मोबाईलवरून करायचे. मोबाईल स्पीकरला जोडायचा, एकेक मेसेज दाबायचा, चॅट बदलायची, पुढचा दाबायचा. तासभर जायचा. त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, हे कॉम्प्युटरवर घेता येईल का? एकदा बटण दाबलं की सगळं ओळीने वाजलं पाहिजे."

वसतिगृहातला कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला, दहा वर्षांचा जुना. त्यावर मी लिनक्स टाकून दिलं होतं. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिचा कोड उघडा असतो, कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो. जुन्या मशीनवर ती बरी चालते. अडचण एकच. मुलांच्या आई-बापांकडे जे चॅट ॲप आहे, तुमच्याही मोबाईलवर जे बहुधा आहे, त्याचं लिनक्ससाठी कंपनीने काढलेलं डेस्कटॉप ॲप मला मिळालं नाही. ब्राउझरमध्ये उघडता येतं, पण त्या मशीनवर ब्राउझर उघडला की चहा करून येईपर्यंत थांबावं लागायचं. आणि मेसेज आपोआप ओळीने वाजत नव्हते.

अशा वेळी जगभरातले हौशी प्रोग्रामर स्वतःच ॲप बनवून फुकट देतात. त्याला अनऑफिशियल क्लायंट म्हणतात. क्लायंट म्हणजे आपल्या बाजूची खिडकी. पलीकडची सर्व्हिस कंपनीचीच, खिडकी मात्र दुसऱ्या कुणीतरी बसवलेली. काही खिडक्या पक्क्या असतात, काहींना कडी नसते.

मी एक निवडला. कोड उघडा होता, वापरणारे बरेच दिसत होते. सोमवारी दुपारी बसवला. टर्मिनलमध्ये कमांड दिली, दोन पॅकेज कमी पडली, ती आणली. QR कोड आला, पालवे सरांनी वसतिगृहाच्या मोबाईलने स्कॅन केला, चॅट उघडल्या. वीस मिनिटांचं काम. सेटिंगमध्ये एक पर्याय होता: न ऐकलेले व्हॉइस मेसेज ओळीने वाजवा. त्याखाली दोन चौकोन. 'फक्त उघडलेल्या चॅटमध्ये' आणि 'सगळ्या चॅटमध्ये'. टोळ्या पाच, म्हणून मी दुसऱ्यावर टिक केली.

पाच टोळ्यांखेरीज त्या नंबरवर आणखी कुणाच्या चॅट आहेत, हे मी पाहिलं नाही. मला कुणी सांगितलंही नाही, पण विचारायला हवं होतं मी.

आता रेखाबद्दल. हे तिचं खरं नाव नाही. ती याच वसतिगृहातली, पंधरा वर्षांची, नववीत. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला टोळीत अर्धा कोयता धरतात आणि पैसेही कमी देतात. तिच्या आई-बापांच्या टोळीत मुकादमाचा पुतण्या एकटा होता. मुकादमाने रेखाच्या वडिलांशी बोलून लग्न ठरवलं. रेखाला ते कळलं तेव्हा ती पालवे सरांच्या ऑफिसात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मला न्यायला येतील तेव्हा मला देऊ नका." एवढंच. सरांनी बालकल्याण समितीला कळवलं. समितीने तिला ताब्यात घेतलं, तीन दिवस नगरला ठेवलं आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, पाठवायचा लेखी आदेश काढला. ठिकाण गुप्त ठेवायचं, असंही त्यात लिहिलेलं होतं. वडिलांना एवढंच कळवलं की मुलगी सुरक्षित आहे.

त्या आदेशावर संपर्कासाठी पालवे सरांच्या वसतिगृहाचा नंबर छापला होता. अकोल्याकडच्या गृहमातेने त्याच नंबरवर मेसेज टाकला. बोलून. तिचं काही चुकलं नाही.

मी त्या गुरुवारी तिथे गेले होते ते कर्णा खरखरतो म्हणून.

पालवे सर उपटलेली वायर हातात धरून माझ्याकडे वळले. ते मला म्हणाले, "मॅडम, हे कसं वाजलं?"

"सेटिंगमुळे."

"कुणी केलं सेटिंग?"

"मी."

वसतिगृहात स्वयंपाक बघणाऱ्या कांताबाई दारात उभ्या होत्या. हातात परात. त्यांनी एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग मोठ्याने म्हणाल्या, "आज आदी जेवान. बोलनं मागून. उटा, ताटं घ्या." मुलं उठली. एरवी क्रम उलटा असतो. त्यांनी आम्हाला पाऊण तास मिळवून दिला, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आम्ही ऑफिसात आलो. आधी मी ती टिक काढली. मग मोबाईलमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. तुमचं चॅट ॲप कुठे कुठे उघडलेलं आहे, ते त्या यादीत दिसतं. यादीत एकच नाव होतं आणि ते आमच्या मशीनचं नव्हतं. वसतिगृहात लिनक्सशिवाय काही नाही. यादीत भलत्याच सिस्टीमचं नाव होतं, 'आज सक्रिय' असं लिहिलेलं.

क्लायंट उघड्या कोडचा असला तरी तो सगळा कोड मी वाचला नव्हता. कुणीच वाचत नाही. त्यात कुणी काही घुसवलं असेल, तर एकोणचाळीस मुलांचे, त्यांच्या आई-बापांचे आवाज तीन दिवस कुठल्या तरी अनोळखी मशीनवर जात होते. आणि रेखाचा पत्ताही.

पालवे सर माझ्याकडे बघत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. यादीतलं ते नाव दाबलं आणि लॉग-आऊट केलं. मग कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे पाहत बसले. दोन सेकंद काही झालं नाही. तीन. मग चॅट गेल्या आणि QR कोड आला.

म्हणजे ते नाव आमच्याच मशीनचं. काही अनऑफिशियल क्लायंट सर्व्हिसला आपली खरी ओळख सांगत नाहीत, दुसऱ्याच सिस्टीमचा मुखवटा लावतात, नाहीतर त्यांना आत घेत नाहीत. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही. घाबरलेल्या माणसाची बावीस वर्षांची माहिती उपयोगी पडत नाही, ती नंतर आठवते.

परत स्कॅन केलं. मग समितीच्या वर्षा मॅडमना फोन लावला. पालवे सर लावण्याआधी मला म्हणाले, "टेक्निकल प्रॉब्लेम झाला म्हणू. जास्त खोलात नको."

"खोलात न जाता त्या पुढचं कसं ठरवतील?" मी म्हटलं, आणि फोन मीच घेतला.

मी सगळं सांगेपर्यंत वर्षा मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "किती जणांनी ऐकलं?"

"एकोणचाळीस मुलं, आम्ही तिघं आणि एक टेम्पोवाला."

"टेम्पोवाला कुठला?"

"इथलाच. गावातला."

"मग गावाने ऐकलं असं धरायचं." त्या म्हणाल्या. "तिला तिथून हलवावं लागेल. पण नवीन आदेश लागतो, गाडी लागते, दुसऱ्या ठिकाणची संमती लागते. उद्या दुपारच्या आत होत नाही. तोवर तिकडे पत्ता जाता कामा नये."

"तिकडे म्हणजे?"

"मुकादमाकडे. त्याची जीप सकाळी निघाली तर दुपारी अकोल्यात. मी त्या गृहमातेला सांगते, पोलीस चौकीलाही कळवते. पण तुमच्याकडून आज काही जाऊ देऊ नका."

फोन ठेवला. पालवे सर म्हणाले, "आज मुलांचे मेसेज पाठवायचेच नाहीत. नेट नाही म्हणून सांगू."

कांताबाई तोवर आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, पोरं एक दिस बोलली न्हाईत की धा फोन येत्यात. मागं लाईट गेल्ती तवा काय झालतं? मुकादमच पैला इचारंल, आजच का न्हाई. त्याला वास येतो."

"मग मुलांना समजावून सांगतो, कुणी रेखाचं नाव काढायचं नाही."

"असं सांगितलं की तेच काढत्यात. जी न्हाई काढनार हुती ती बी काढत्यात."

त्यांचं बरोबर होतं. मुकादमाच्या फोनवर जे जातं ते मुकादम सगळ्यात आधी ऐकतो. फोन त्याचा, कान त्याचा. मेसेज थांबवले तर संशय, पाठवले तर धोका. म्हणून ते पाठवण्याआधी आम्हीच ऐकणं, हा एकच मार्ग उरला. चोरून ऐकण्यासारखंच ते. पण दुसरं सुचेना.

मला एक युक्ती सुचली. नेटची केबल काढायची. नेट नसताना मेसेज रेकॉर्ड केला तर तो जात नाही, रांगेत थांबतो, शेजारी घड्याळाचं चिन्ह दिसतं. सगळ्या मुलांचे मेसेज असे रांगेत घ्यायचे, एकेक ऐकायचा, नको तो डिलीट करायचा, मग केबल लावायची. मुलांना रोजच्यासारखंच वाटेल, तिकडेही रोजच्यासारखंच पोचेल.

पालवे सर म्हणाले, "छान. करा."

मी म्हटलं, "थांबा. डिलीट केलेला खरंच डिलीट होतो का, ते बघू दे."

केबल काढली. माझ्याच नंबरवर एक व्हॉइस मेसेज रेकॉर्ड केला, "टेस्ट, टेस्ट." घड्याळ आलं. डिलीट केला. स्क्रीनवरून गेला. केबल लावली. आम्ही तिघं टेबलावरच्या माझ्या फोनकडे बघत उभे राहिलो.

आठ-दहा सेकंदांनी फोन वाजला. मी तो उचलून दाबला. माझाच आवाज आला. "टेस्ट, टेस्ट."

स्क्रीनवर मेसेज दिसत नव्हता, पण रांगेतून पुसला गेला नव्हता. ही चूक कुणाला सापडली नसेल, कारण नेट नसताना मेसेज पाठवून तो लगेच डिलीट करणारी माणसं जगात थोडी असतील. आम्ही ती तपासणी न करता मुलांना बसवलं असतं, तर प्रत्येक शब्द जसाच्या तसा फडावर पोचला असता आणि आम्ही इथे निश्चिंत बसलो असतो. मी खुर्चीत बसले.

"आता?" पालवे सर म्हणाले.

"हा क्लायंट बंद. पूर्ण बंद. साधा रेकॉर्डर वापरायचा."

लिनक्समध्ये आवाज रेकॉर्ड करायचा एक साधा प्रोग्राम असतो. तो फक्त फाईल बनवतो, ती कुठेही पाठवत नाही. त्यात अक्कल नाही, म्हणून भरवसा ठेवता येतो. मी केबल काढून माझ्या पिशवीत टाकली. कांताबाई म्हणाल्या, "पिशवी माझ्याकडं द्या." दिली.

जेवणं झाली. मुलं एकेक करून ऑफिसात येऊ लागली. एरवी हॉलमध्ये बोलतात, आज आत. कांताबाईंनी सांगितलं, कर्णा बिघडलाय. हे तरी खरं होतं. तो खरखरतच होता.

मी हेडफोन लावून बसले. मुलं बोलत होती. आज वांगं होतं. माझी चप्पल तुटली. गणिताच्या सरांनी मला उभं केलं. आजीला ताप आला का. शेळीला पिल्लं झाली का. एका मुलीने पाढा म्हणून दाखवला. एकाने नुसतंच "हं, बरं हाय, ठिवतो" म्हटलं आणि गेला. रेखाचं नाव कुणी काढलं नाही. मुद्दाम काढलं नाही की सुचलं नाही, ते मला कळलं नाही. अठ्ठाविसावा, एकोणतिसावा, तिसावा. पालवे सर वहीत टिका करत होते.

सोनी शेवटून तिसरी आली. वेणी सुटलेली. माइकसमोर उभी राहिली आणि बोललीच नाही. स्क्रीनवर आवाजाची रेघ सपाट जात होती. मी घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद. पालवे सरांनी पेन खाली ठेवलं.

मग ती भरभर बोलली. "अण्णा, ताई धरनाकडं हाय. अकोल्याला. आयला सांग म्हंजी ती जेवंल. पर ताईला मारू नका."

आणि आमच्याकडे पाहिलं. तिला वाटलं ते गेलं.

पालवे सर उठून खिडकीपाशी गेले. मी रेकॉर्डिंग थांबवलं. यंत्रांशी माझं जमतं, आठ वर्षांच्या मुलीशी नाही.

कांताबाई तिच्यासमोर खाली बसल्या. "सोने, हे न्हाई जायचं."

"का?"

"तुज्या ताईला न्ह्यायला येत्याल."

"अण्णा एकटाच येईल. मी सांगीन त्याला एकट्यानं ये."

"अण्णा कशात बसून येईल?"

सोनीने विचार केला. "जीपमधी."

"जीप कुनाची?"

ती खाली बघून फ्रॉकची शिवण उसवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मंग आय जेवनार न्हाई."

"जेवंल. तू जेवलीस म्हनून सांग, ती बी जेवंल."

दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलं. "अण्णा, मी जेवले. वांगं हुतं. आयला म्हनावं जेव." सहा सेकंदांची फाईल. पहिली फाईल मी पुसली. कचरापेटीतूनही पुसली. मग पुन्हा एकदा फोल्डर उघडून ती राहिली नाही ना, हे पाहिलं. दोनदा पाहिलं.

राहिलेली दोन मुलं झाली. सगळ्या फाईली परत एकदा ऐकल्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग कांताबाईंनी पिशवी दिली, मी तिच्यातला पेन ड्राइव्ह काढला आणि त्या फाईली त्यावरून वसतिगृहाच्या मोबाईलमध्ये घेऊन पालवे सरांनी पाचही चॅटना पाठवल्या. साडेसात वाजले होते. रोजच्यापेक्षा तासभर उशीर.

पाचच मिनिटांत मुकादमाचा मेसेज आला. सरांनी तो कानाला लावून ऐकला, मग मला ऐकवला.

"सर, आज ह्ये असं का आलंय? रोजच्यासारकं न्हाई दिसत."

व्हॉइस मेसेज आणि आवाजाची फाईल, दोन्हींची चिन्हं वेगळी असतात. हे मला माहीत होतं, पण कुणी लक्ष देणार नाही असं वाटलं होतं. पालवे सरांनी बोलून उत्तर दिलं. आवाज चांगला स्थिर ठेवला. "कॉम्प्युटर बिघडलाय. मॅडम आल्यात दुरुस्तीला."

परत मेसेज. "बरं बरं. मॅडमला म्हनावं नीट करा. आन् सर, सोनी लई कमी बोलली आज."

सरांनी मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. त्या माणसाचा आवाज अगदी साधा होता, चौकशी करावी तसा. त्याच्या आवाजात धमकीबिमकी काही नव्हतं. म्हणूनच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. उघडलं असतं तरी काम झालं नसतं. फोन हातात घेऊन घरात फिरत होते. नवरा म्हणाला, "अगं, तुझ्या हातात आता काय आहे? बस की." ते खरंच होतं, माझ्या हातात काही उरलं नव्हतं. सव्वा वाजता वर्षा मॅडमचा मेसेज आला. लिहिलेला. "हलवलं." कुठे, ते लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

मला वाटलं, संपलं. पत्ता बाहेर गेलाच नसेल, तर उगाच हलवलं का, असंही एकदा मनात आलं. मुलं गप्प बसली होती. टेम्पोवाल्याला पालवे सर घरी जाऊन भेटले होते, तो म्हणाला, "सर, माझ्या बी घरात पोरगी हाय."

रविवारी सकाळी अकोल्याच्या वसतिगृहाच्या फाटकाशी एक जीप थांबली. पुढे मुकादमाचा पुतण्या आणि आणखी दोघं. मागच्या सीटवर रेखाचे वडील. त्यांनी वसतिगृहाचं नाव घेऊन चौकशी केली, रेखाचं नावही घेतलं. गृहमाता म्हणाली, "इथं अशी मुलगी नाही." ते तेव्हा खरं होतं. तासभर जीप तिथेच उभी होती. मग चौकीतून शिपाई आला आणि ती गेली. वडील खाली उतरलेच नाहीत, असं गृहमातेने सांगितलं.

कुणी सांगितलं, ते आम्ही शोधलं नाही. पालवे सर म्हणाले, "शोधायचं नाही. सापडला तर एखादा पोरगा किंवा पोरगी सापडेल, आणि त्याला वाटेल हे त्याच्यामुळे झालं." त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचं पुढचं सगळं काम बिनबोभाट केलं.

अनऑफिशियल क्लायंट मी त्याच आठवड्यात काढून टाकला. तो बनवणाऱ्या माणसाला डिलीटच्या चुकीबद्दल सविस्तर लिहून कळवलं. त्याने आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त केली. चांगला माणूस असावा. वसतिगृहात आता परत मोबाईलच आहे. सर एकेक मेसेज दाबतात, तासभर जातो. मला कुणी "आपोआप करून द्या" म्हणालं की मी आधी विचारते, आपोआप काय काय, आणि कुणासमोर. उत्तर येईपर्यंत बॅग उघडत नाही. दोन ग्राहक त्यामुळे गेले.

रेखाला पाच दिवसांत तिसरी जागा मिळाली. नववीचे शेवटचे महिने तिने एका नव्या शाळेत काढले, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं आणि ओळख द्यायचीही नव्हती. हलवताना गाडीत तिने वर्षा मॅडमना विचारलं होतं, "माझं कुनी सांगितलं? सोनीनं?"

वर्षा मॅडमनी तिला सांगितलं, "नाही. कॉम्प्युटरमुळे झालं."

हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "परत विचारलं तर माझं नाव सांगा. कॉम्प्युटरने टिक केली नव्हती."